ॲम्बेसेडरचा मॅनिफोल्ड घरी उतरवताना

जुन्या गाडीच्या इंजिनावरून इनलेट मॅनिफोल्ड, म्हणजे कार्ब्युरेटरमधले हवा-पेट्रोलचे मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा नळ, उतरवणे हे काम जितके अवघड समजले जाते तितके ते नाही, आणि जितक्या वेळा केले जाते तितक्या वेळा ते करण्याची गरजही नसते. गाडी स्लोवर, म्हणजे उभ्या उभ्या मंद चालताना, धडधडू लागली, कार्ब्युरेटर उघडून साफ केला तरी फरक पडला नाही, की ‘पॅकिंग (सांध्यातली गॅस्केट) गेलं असेल’ असे म्हणून मॅनिफोल्ड खोलला जातो, नवे पॅकिंग आणि त्यावर सिलिकॉनचा जाड थर देऊन तो परत आवळला जातो, आणि थोड्याच दिवसांत तक्रार होती तिथे येते. माझ्या मते नट सोडवून मॅनिफोल्ड ओढून काढणे हा या कामाचा सर्वांत लहान भाग आहे. सांध्यातून बाहेरची हवा आत शिरते ती गळती नक्की कोठे आहे हे खोलण्याआधी ठरवणे आणि खोलल्यानंतर बिडाचे पृष्ठभाग परत बसण्याच्या लायकीचे करणे, यांतच खरा वेळ जातो आणि तो तेथेच जायला हवा.

माझी गाडी १९७७ची मार्क थ्री ॲम्बेसेडर आहे आणि तिच्यात मूळचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन शाबूत आहे. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला २०१४पर्यंत बनत राहिलेल्या या गाडीची अनेक रूपे झाली. डिझेल आले, पुढे इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन आले, आणि आज रस्त्यावर दिसणाऱ्या बऱ्याच जुन्या ॲम्बेसेडरमध्ये मूळ इंजिनाऐवजी दुसरेच काहीतरी बसवलेले सापडते. मूळ १४८९चे इंजिन मात्र ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सिरीज’ घराण्यातले आहे. याच मापाचे इंजिन १९५५च्या एमजीए या स्पोर्ट्स गाडीत होते आणि तेच वाढवून पुढे १७९८ सीसी करून एमजीबीत बसवले गेले. याचा व्यावहारिक फायदा असा की इंग्लंडात या इंजिनांवर हौसेने काम करणाऱ्यांनी साठवलेले ज्ञान आपल्या ॲम्बेसेडरला बऱ्याच अंशी जसेच्या तसे लागू पडते.

या इंजिनाची एक रचना समजून घेतली नाही, तर पुढचे सारे अंदाजपंचे होते. सिलिंडर चार आहेत, पण हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, हवा-पेट्रोल आत घेणारे पोर्ट (तोंडे) दोनच आहेत. रेडिएटरकडून मोजल्यास १ आणि २ नंबरच्या सिलिंडरांना एक सामाईक पोर्ट आहे आणि ३ व ४ यांना दुसरा. धूर बाहेर टाकणारे पोर्ट तीन आहेत. दोन्ही टोकांच्या सिलिंडरांना प्रत्येकी एक आणि मधल्या दोघांना मिळून एक. असे हे पाचही पोर्ट इंजिनाच्या डाव्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे चालकाच्या शेजारी बसणाऱ्याच्या बाजूला, एका ओळीत उघडतात, आणि त्यांवर इनलेट व एक्झॉस्ट असे दोन्ही मॅनिफोल्ड शेजारी शेजारी बसतात. फायरिंगचा, म्हणजे सिलिंडरांत मिश्रण पेटण्याचा, क्रम १-३-४-२ असल्यामुळे २ नंबरने मिश्रण ओढले की त्याच पोर्टमधून लगेच १ नंबर ओढतो, आणि ३ नंतर लगेच ४. एका पोर्टवर दोघांचा संसार असल्याने त्या पोर्टच्या तोंडाशी पॅकिंग फुटून बाहेरची हवा आत शिरली, तर तिचा त्रास एकट्या सिलिंडरला न होता जोडीला होतो.

निदानाची किल्ली याच जोडीत आहे. गाडी चांगली फिरवून आणावी, इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे आणि चारही प्लग काढून क्रमाने एका फळकुटावर मांडावेत. चारही प्लगांच्या टोकावरचे चिनीमातीचे आवरण फिक्या विटकरी रंगाचे असेल तर मिश्रण ठीक आहे. १ आणि २ पांढरेफटक आणि ३ व ४ विटकरी असतील, तर पुढच्या पोर्टशी मॅनिफोल्ड हवा घेतो आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. चारही सारखेच पांढरे असतील, तर मात्र मॅनिफोल्डच्या नटाला हात लावू नये. अशा वेळी दोष बहुधा दोन्ही जोड्यांना सारखाच लागू होणाऱ्या जागी असतो: कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधल्या पॅकिंगला, थ्रॉटलच्या झिजलेल्या दांडीला, किंवा मिश्रणाच्या साध्या जुळणीला. थ्रॉटलची दांडी बोटात धरून वर-खाली हलवून पाहावी. ती स्पष्टपणे खुळखुळत असेल, तर हवा तेथून शिरते आहे आणि मॅनिफोल्ड उतरवून काहीही हाती लागणार नाही.

प्लगवरून संशय आला की दुसरी परीक्षा तेलाची. इंजिन स्लोवर चालू ठेवून लांब नळीच्या तेलाच्या कुपीने इनलेटच्या कानाभोवती, म्हणजे हेडला टेकणाऱ्या त्याच्या रुंद कडेभोवती, इंजिन ऑइलचे थेंब सोडावेत. गळती असेल तर तेल आत ओढले जाते, ती फट क्षणभर बुजते आणि इंजिनाचा सूर बदलतो. काही वेळाने मागून किंचित निळा धूरही दिसतो. काही जण याच कामासाठी कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा किंवा चक्क पेट्रोल वापरतात. या इंजिनात तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इनलेटच्या लगत असतो, हे लक्षात घेता तो प्रकार मला शुद्ध वेडेपणाचा वाटतो. तेलाने थोडा वास येतो आणि थोडा धूर होतो, एवढेच. एक्झॉस्टच्या बाजूला गळती असेल तर ती वेगळी ओळखू येते: थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक असा टॅपेटसारखा आवाज येतो, तो इंजिन तापल्यावर कमी होतो, आणि हेडवर पोर्टच्या कडेने काजळीची एक बारीक रेघ उमटलेली असते.

माझ्या गाडीत १ आणि २ पांढरे होते, तेलाच्या परीक्षेत पुढच्या इनलेटच्या खालच्या कडेला सूर बदलत होता, आणि तेव्हाच मॅनिफोल्ड उतरवायचे ठरले.

नट सोडवण्याची तयारी आदल्या काही दिवसांपासून करावी. हेडमधून बाहेर आलेल्या स्टडवर (आटे पाडलेल्या दांड्यांवर) हे नट बसतात, आणि चाळीस-पन्नास वर्षांच्या तापण्या-निवण्याने नट, वॉशर आणि स्टड एकजीव झालेले असतात. येथे जोर लावला की नट सुटण्याऐवजी स्टड मुळापाशी तुटतो, आणि मग घरच्या घरी होणारे काम हेड उतरवून मशीन शॉपवर नेण्याचे होऊन बसते. म्हणून तारेच्या ब्रशने स्टडच्या उघड्या आट्यांवरचा गंज आधी काढावा, मग गंज सोडवणारे पातळ तेल दररोज थोडे थोडे द्यावे आणि मधल्या काळात गाडी नेहमीसारखी चालवावी. तापताना आणि निवताना धातू किंचित हलतो आणि तेल आत झिरपते. एकाच दिवशी बाटलीभर तेल ओतून हे साधत नाही.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी इंजिन पूर्ण थंड असावे आणि बॅटरीची अर्थची वायर सर्वांत आधी काढावी. पेट्रोलची नळी सोडताना थोडेफार पेट्रोल सांडतेच, त्यामुळे खाली बशी ठेवावी, हाताशी आग विझवण्याचे साधन ठेवावे आणि जवळपास कोठेही ज्योत नाही ना, हे पाहावे. आमच्याकडे गाडीची जागा स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच आहे, त्यामुळे हे काम चालू असेपर्यंत गॅस पेटवायचा नाही, असा घरात करार आहे आणि त्या दिवशी जेवण बाहेरून येते. त्यानंतर एअर क्लीनर, रॉकर कव्हरकडून त्याच्याकडे येणारी ब्रीदरची नळी, चोकची केबल, थ्रॉटलची जोडणी, डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी आणि पेट्रोलची नळी एवढे सोडवले की कार्ब्युरेटर मोकळा होतो. जोडण्या कशा होत्या याचे फोटो मोबाइलवर काढून ठेवावेत, विशेषतः थ्रॉटलच्या स्प्रिंगा कोणत्या भोकात अडकवल्या होत्या त्याचे. कार्ब्युरेटर मॅनिफोल्डसकट उतरवता येतो, पण मी तो आधी वेगळा काढतो. तो नाजूक आहे आणि बिडाच्या जड तुकड्याबरोबर तो आपटण्याचे काहीच कारण नाही. एसयू बनावटीचा कार्ब्युरेटर काढल्यावर तो उभाच ठेवावा. आडवा केला तर वरच्या डॅशपॉट नावाच्या नळकांडीतले तेल सांडते.

मग खालचा एक्झॉस्ट पाइप. मॅनिफोल्डला तो जेथे जोडला जातो तेथले नट-बोल्ट सर्वांत जास्त भाजलेले असतात, आणि त्यांच्यापर्यंत हात नीट पोहोचत नाही. गाडी जॅकवर घ्यायची झाल्यास भक्कम स्टँडशिवाय खाली शिरू नये, विटा रचून तर मुळीच नाही. हे बोल्ट तुटले तरी फार बिघडत नाही, कारण ते बदलता येतात. म्हणून सारी नजाकत वरच्या, हेडवरच्या नटांसाठी राखून ठेवावी.

वरचे नट साधारणतः अर्धा इंची पान्याने सुटतात. पाना नटावर घट्ट बसतो आहे, याची खात्री प्रत्येक नटाशी करावी. मिलिमीटरचा तेरा नंबरचा पाना येथे बसल्यासारखा वाटतो, पण तो मोठा असल्याने गंजलेल्या नटाच्या कडा गोल करून टाकतो. सोडवण्याआधी नट किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून पाहावा. अगदी केसभर हलला तरी पुरे, त्याने गंजाची पकड तुटते. मग अर्धा वळसा सोडवावा, पाव वळसा परत आवळावा, तेल द्यावे आणि असेच पुढे जावे. हाताला एक फरक शिकावा लागतो. नट जड पण एकसारखा फिरत असेल तर तो सुटतो आहे. आणि सुरुवातीला घट्ट, मग अचानक रबरासारखा मऊ लागला, तर स्टड पिळला जातो आहे आणि तेथेच थांबून उष्णता देणे भाग आहे. उष्णता देताना टॉर्चची ज्योत नटावर धरावी, स्टडवर नाही, आणि ज्योत पेटवण्याआधी पेट्रोल सांडलेले सगळे फडके व बशी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेलेली असावी. कधी कधी नट न सुटता नटासकट स्टडच हेडमधून फिरून बाहेर येतो. त्याने घाबरण्याचे कारण नाही, उलट ते बरेच. नवा स्टड बसवणे हे तुटलेला काढण्यापेक्षा कितीतरी सोपे.

या नटांखाली जे जाड वॉशर असतात, त्यांच्याकडे नीट पाहावे. त्यांतले काही रुंद असतात आणि एकाच वेळी इनलेटचा कान व शेजारच्या एक्झॉस्टचा कान असे दोन्ही दाबून धरतात. एका नटाच्या दाबावर दोन वेगवेगळे तुकडे अवलंबून असतात, ही या इंजिनाची सोय आहे आणि दुखणेही. त्याचा खुलासा पुढे येईल.

नट निघाल्यावर मॅनिफोल्ड पुढे ओढताना दुसरा माणूस हवा. माझ्या गाडीत इनलेट आणि एक्झॉस्ट मधोमध एकमेकांना बोल्टने जोडलेले आहेत, एक्झॉस्टच्या उष्णतेने इनलेटचा मधला भाग तापावा आणि पेट्रोल नीट वायुरूप व्हावे म्हणून. थंड देशात ही गरज खरी होती. कोल्हापूरच्या मे महिन्यात ती कितपत आहे, याविषयी मला शंका आहे, पण रचना तशी आहे. त्यामुळे दोन्ही एकत्रच निघतात आणि ते वजन एका हाताने तोलता येत नाही. चिकटले असेल तर पॅकिंगच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये. लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने एक्झॉस्टच्या जाड भागावर हलके ठोकले की ते सुटते. सुटल्याबरोबर हेडमधल्या पाचही पोर्टांत स्वच्छ, धागे न सुटणारे फडके बसवावे. इनलेटचा व्हॉल्व्ह उघडा असेल तर तेथे पडलेला एक वॉशर थेट सिलिंडरमध्ये जातो.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते ती: जुने पॅकिंग टाकून देण्याआधी वाचावे. माझ्या गाडीतले पॅकिंग मी उजेडात धरले तेव्हा एक्झॉस्टच्या तिन्ही भोकांभोवती दाबाची स्वच्छ, चकचकीत कडी उमटली होती. मागच्या इनलेटभोवतीही ती बऱ्यापैकी होती. पुढच्या इनलेटभोवती मात्र वरच्या अर्ध्या भागात कडी होती आणि खालच्या अर्ध्या भागात पॅकिंग जवळजवळ नव्यासारखे फुगीर होते. म्हणजे तेथे दाब कधी पडलाच नव्हता. त्या जागी पूर्वी कोणीतरी लावलेल्या लाल सिलिकॉनचा एक शेपटासारखा धागा पोर्टच्या आत लोंबत होता, पेट्रोलने सुजून मऊ झालेला, बोट लावताच निखळून हातात येणारा. साधे सिलिकॉन पेट्रोलमध्ये टिकत नाही, हे दुकानदारापासून मिस्त्रीपर्यंत सर्वांना ठाऊक असते, तरीही इनलेटला ते सर्रास लावले जाते. तो तुकडा सुटून व्हॉल्व्हखाली अडकला असता तर काय झाले असते, याचा विचार न केलेला बरा.

जुने पॅकिंग खरवडताना एक काळजी आवश्यक आहे. या वयाच्या गाड्यांच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. ते कोरडे खरवडू नये, ग्राइंडरवर तारेचा ब्रश लावून तर कधीच उडवू नये. पाण्याने भिजवून, तोंडाला चांगला मास्क लावून, बोथट पात्याने ओलेच काढावे आणि निघालेला चोथा पिशवीत बांधून टाकावा. हेडचा पृष्ठभाग बिडाचा असल्याने पात्याने लगेच ओरखडे पडत नाहीत, पण तिरके पाते रोवून जोर लावला तर तेही होते.

साफ झाल्यावर सरळ पट्टी. पाचही तोंडांवर एकदम टेकेल अशी लांब, खरोखर सरळ असलेली पोलादी पट्टी मॅनिफोल्डवर ठेवावी आणि फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच, प्रत्येक तोंडाखाली सरकवून पाहावा. ०.१ मिलिमीटरची पाती सहज आत जात असेल, तर नुसत्या नव्या पॅकिंगवर भरवसा ठेवू नये. माझ्याकडे एक्झॉस्टची दोन्ही टोके हेडपासून दूर वाकलेली निघाली, जे वर्षानुवर्षे तापलेल्या बिडाच्या लांब तुकड्यात नवलाचे नाही. खरी गंमत व्हर्नियरने कानांची जाडी मोजली तेव्हा कळली. पुढच्या इनलेटचा कान शेजारच्या एक्झॉस्टच्या कानापेक्षा सुमारे ०.४ मिलिमीटरने पातळ होता. पूर्वी कधीतरी इनलेट एकटाच घासून सपाट केला गेला असावा. आता तो रुंद वॉशर डोळ्यांसमोर आणावा: त्याची एक बाजू जाड एक्झॉस्टवर टेकते, दुसरी बाजू पातळ इनलेटच्या वर अधांतरी राहते, आणि नट कितीही आवळला तरी सारा दाब एक्झॉस्टवरच पडतो. पॅकिंगवर जे दिसले होते त्याचा उलगडा येथे झाला. अशा जोडावर जगातले सर्वोत्तम पॅकिंग लावले तरी ते हवा घेणारच, आणि नट अधिक आवळणे म्हणजे स्टड तोडण्याची तयारी करणे.

कोल्हापुरात राहण्याचा फायदा अशा वेळी कळतो. शिवाजी उद्यमनगरात बिडाचे ओतकाम आणि मशीनिंग करणाऱ्यांची एवढी दाटी आहे की सरफेस ग्राइंडिंगसाठी दुसरीकडे जावे लागत नाही. ज्यांच्याकडे मी काम नेले त्या वयस्क कारागिराने मॅनिफोल्ड हातात घेऊन, तिरका धरून, एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाला, “साहेब, ही दोन येगळी घासून उपयोग न्हाई. जोडूनच घासाय पायजेत.” मला तेच हवे होते. इनलेट आणि एक्झॉस्ट मधल्या बोल्टांनी एकत्र आवळून, तोंडे शक्य तितकी एका पातळीत आणून, सगळी तोंडे एकाच बांधणीत घासली की ती एका पातळीत येतात. त्यानंतर पाठीमागून, जेथे वॉशर टेकतो तेवढ्याच गोल जागेत, जाड कान मिलिंगने उतरवून पातळ कानाच्या बरोबरीचा करायचा. पातळ कानाखाली पत्र्याची चकती घालून भागवणारेही आहेत. ती चकती पुढच्या वेळी हरवते आणि पुढच्या माणसाला ती होती हे कळत नाही, म्हणून मला तो उपाय पटत नाही. असे एकत्र घासलेले मॅनिफोल्ड पुन्हा कधी एकमेकांपासून सोडवू नयेत. ज्यांनी घासून घेतलेले नाहीत, त्यांनी मात्र उलट करावे: मधले बोल्ट ढिले ठेवून आधी दोन्ही हेडवर आवळावेत आणि मग मधले बोल्ट घट्ट करावेत, म्हणजे दोन्ही तुकडे आपापली जागा शोधतात.

मॅनिफोल्ड बाहेर असतानाच आणखी एक काम उरकून घ्यावे, कारण त्याची अशी संधी परत मिळत नाही. मॅनिफोल्डच्या मागे, इंजिनाच्या ब्लॉकवर टॅपेटची (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांची) दोन पत्र्याची झाकणे असतात, आणि त्यांची बुचाच्या लाकडाची पॅकिंगे बहुतेक ॲम्बेसेडरमध्ये गळत असतात. इंजिनाची डावी बाजू तेलाने काळी होते ती बऱ्याचदा येथूनच. प्रत्येक झाकण मधल्या एकाच बोल्टवर असते, आणि गळती थांबावी म्हणून तो बोल्ट कचकचून आवळला की पत्रा मध्ये दबतो, कडा उचलल्या जातात आणि गळती वाढते. झाकणे सपाट फरशीवर ठेवून कडा ठोकून सरळ कराव्यात, नवे बूच लावावे आणि बोल्ट बूच नुकते दबेल एवढाच आवळावा.

सुट्या भागांची अडचण फारशी नाही. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत ऑपेरा हाऊसच्या परिसरात जुन्या दुकानांतून पॅकिंग सेट मिळून जातात, आणि ॲम्बेसेडरच्या जुन्या भागांसाठी कोलकात्याचा मल्लिक बाजार प्रसिद्धच आहे. पॅकिंग घेताना दोन्ही मॅनिफोल्डना मिळून एकच सलग पट्टी असलेले घ्यावे, सुटे तुकडे नकोत. स्टड नवे घालावेत, ते स्वस्त आहेत. नट पितळी वापरावेत. पितळ स्टडला गंजून धरत नाही, आणि पुढच्या वेळी जो कोणी हे काम करेल तो आपल्याला दुवा देईल.

परत बसवताना पॅकिंग कोरडेच लावावे. पृष्ठभाग सपाट असतील तर सिलिकॉन, शेलॅक यांपैकी कशाचीही गरज नसते, आणि सपाट नसतील तर त्यांनी काम होत नाही. पोर्टमधली फडकी काढली आहेत ना, हे दोन जणांनी पाहावे. मॅनिफोल्ड स्टडवर सरकवून सगळे नट आधी हाताने लावावेत, खालचा एक्झॉस्ट पाइप ढिला जोडून घ्यावा, आणि मग मधल्या नटांपासून बाहेरच्या नटांकडे जात थोडे थोडे करून आवळावे. बी सिरीजच्या मॅनिफोल्डच्या नटांना साधारण १५ फूट-पौंड, म्हणजे सुमारे २ किलोग्रॅम-मीटर एवढाच टॉर्क (पिळण्याचा जोर) पुरतो. हा आकडा लहान वाटतो, कारण आपल्या मनगटाला त्याहून जास्त आवळायची सवय असते. टॉर्क रेंच नसेल तर आखूड पाना घ्यावा, म्हणजे हव्यासाला आपोआप लगाम बसतो. खालचा पाइप सर्वांत शेवटी घट्ट करावा. तो आधी आवळला तर मॅनिफोल्डला खाली ओढून धरतो आणि पॅकिंगवर तिरका ताण येतो.

इंजिन सुरू केल्यावर लगेच सूर सुधारतो, पण मिश्रणाची जुळणी नव्याने करावी लागते, कारण आतापर्यंत ती गळतीला धरून केलेली असते. एसयू कार्ब्युरेटरवर हे पाहणे सोपे आहे. इंजिन पूर्ण तापल्यावर कार्ब्युरेटरमधला पिस्टन बाजूच्या पिनने जेमतेम एक मिलिमीटरभर उचलावा. इंजिनाचा वेग क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण ठीक, वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, आणि इंजिन बसू लागले तर पेट्रोल कमी. खालचे जेटचे नट वर फिरवले की पेट्रोल कमी होते, खाली फिरवले की वाढते. एका वेळी नट त्याच्या सहा बाजूंपैकी एका बाजूइतकाच फिरवावा आणि इंजिनाला स्थिरावायला वेळ द्यावा.

येथे एक गोष्ट हल्लीच्या पेट्रोलमुळे बदलली आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ती साधारण १३.५ भागच लागते. जुन्या इंधनावर जुळवलेला कार्ब्युरेटर या पेट्रोलवर आपोआप मिश्रण पातळ करतो, आणि त्यात मॅनिफोल्डची गळती असेल तर पांढरे प्लग आणखी पांढरे होतात, इंजिन जास्त तापते. त्यामुळे गळती बंद झाल्यावरही मला जेटचे नट पूर्वीच्या खुणेपेक्षा खालीच ठेवावे लागले. पेट्रोलची जुनी रबरी नळीही याच वेळी बदलून इथेनॉल सोसणारी घ्यावी, कारण जुने रबर आतून सुजून सुटू लागते आणि त्याचा चुरा थेट फ्लोट चेंबरच्या सुईत जाऊन बसतो.

काही दिवस गाडी चालवून झाल्यावर, इंजिन थंड असताना, सगळ्या नटांवर त्याच टॉर्कने पुन्हा एकदा पाना फिरवावा, कारण नवे पॅकिंग उष्णतेने दबते. माझ्या गाडीत मधले नट थोडे फिरले, टोकाचे जागचे हलले नाहीत. त्यानंतर प्लग पुन्हा काढून पाहिले तेव्हा १ आणि २ विटकरी झाले होते. ४ नंबरचा अजून बाकीच्यांपेक्षा किंचित काळपट आहे. त्याचा संबंध मॅनिफोल्डशी नसून व्हॉल्व्हच्या गाइडमधून उतरणाऱ्या तेलाशी असावा, असा माझा कयास आहे, आणि ते काम हेड उतरवेपर्यंत थांबू शकते.